वाऱ्याच्या गावातला गोंधळ: एसाविराच्या ग्नावा महोत्सवाला कसं जावं, काय ऐकावं

आमच्या घरात लग्न झालं की गोंधळ ठरलेला. लहानपणी त्यातलं आख्यान मला फारसं कळायचं नाही, आणि मध्यरात्रीनंतर डोळे उघडे राहायचे नाहीत. पण गोंधळी एकेका क्षेत्राचं नाव घेऊन देवांना बोलावू लागले, संबळाने चाल बदलली, की मी ताडकन उठून बसायचे. पुढे कित्येक वर्षांनी मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर, एसाविरा नावाच्या तटबंदीच्या गावात, रात्री एकच्या सुमारास एका अंगणात बसले असताना तशीच हाक कानावर आली. भाषा कळत नव्हती. संबळाच्या जागी लोखंडी टाळ होते आणि बोलावणं देवांना नव्हतं, पिरांना आणि अदृश्य शक्तींना होतं. तरी आता कुणाला तरी नाव घेऊन बोलावताहेत, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

एसाविरातल्या त्या ग्नावा महोत्सवाला मी दोनदा गेले आहे, एकदा एकटी आणि एकदा दोन मैत्रिणींबरोबर. पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी चुकल्या. मोठ्या रंगमंचासमोर तीन रात्री उभी राहिले आणि ज्यासाठी एवढ्या लांब गेले होते ते जवळजवळ हातातून सुटलं. मराठी कानांना हे संगीत फार लवकर आपलंसं होऊ शकतं, फक्त ते कुठे आणि कोणत्या क्रमाने ऐकायचं हे आधी ठाऊक हवं. म्हणून हा लेख.

हा उत्सव कशाचा?

ग्नावा हे मोरोक्कोतल्या एका समाजाचं आणि त्यांच्या संगीताचंही नाव. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून, सैनिक म्हणून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गाण्यांत बंबारा, फुलानी, हौसा या पूर्वजांच्या जमातींची नावं अजून येतात. एसाविराशी त्यांचं नातं थेट आहे. सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्ला याने १७६०च्या दशकात थिओडोर कोर्नू या फ्रेंच माणसाकडून आखणी करून घेऊन हे बंदर बांधलं. टिंबक्टूकडून वाळवंट ओलांडून येणाऱ्या तांड्यांचा माल इथून युरोपात जायचा. सोनं, हस्तिदंत, शहामृगाची पिसं, आणि त्याच तांड्यांबरोबर माणसंही. मोगादोर हे या गावाचं जुनं नाव.

१९९८ साली इथे 'ग्नावा आणि जागतिक संगीत महोत्सव' सुरू झाला. त्याआधी ग्नावांकडे भिक्षेकरी आणि भूत उतरवणारे म्हणून पाहिलं जायचं. आपल्याकडे गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज यांच्याकडे पाहायची तीच नजर. २०१९च्या डिसेंबरात युनेस्कोने ग्नावा परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. जुनं गाव २००१पासूनच जागतिक वारसास्थळ आहे.

पहिली पायरी: आधी तारीख, लगेच खोली

अलीकडची काही वर्षं महोत्सव जूनच्या उत्तरार्धात गुरुवार ते शनिवार असा तीन दिवस भरतो. तारखा काही महिने आधी जाहीर होतात. त्या कळल्या की विमानाच्या मागे धावू नका, आधी खोली धरा. गाव लहान आहे आणि त्या तीन दिवसांत काही लाख माणूस तिथे येऊन जातं. तटबंदीच्या आतली घरं सगळ्यात आधी भरतात आणि राहिलेल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. रद्द करता येईल अशी खोली आधी घेऊन ठेवा, मग व्हिसाचे कागद आणि त्यानंतर तिकीट.

आत राहायचं तर शक्यतो 'रियाद'मध्ये राहा. मधोमध अंगण आणि भोवती खोल्या, म्हणजे आपला वाडाच. पण वाड्यासारखीच याचीही गोम आहे: खिडक्या बहुधा आतल्या अंगणात उघडतात आणि समुद्राकडच्या भिंतींना ओल असते. खोलीला बाहेरची खिडकी आहे का, गच्ची आहे का आणि मोठा रंगमंच असतो तो मुलाय हसन चौक किती लांब आहे, हे तीन प्रश्न घरमालकाला विचाराच. पहिल्या वेळी मी स्वस्तात मिळाली म्हणून चौकाच्या अगदी पाठीमागची खोली घेतली. रात्री दोनपर्यंत भिंत थरथरायची आणि पहाटे पाचला समुद्रपक्ष्यांचा कलकलाट सुरू व्हायचा. दुसऱ्या वेळी गावाच्या उत्तर टोकाला, बाब दुक्काला वेशीजवळ राहिलो. चालायला दहा-बारा मिनिटं जास्त लागली, पण झोप मिळाली. आत काहीच मिळालं नाही तर दक्षिणेला दियाबात किंवा त्याहून लांब सिदी काऊकी ही गावं आहेत. मात्र रात्री परतायला टॅक्सी मिळवणं हे तिथलं खरं काम. जातानाच चालकाशी परतीचं बोलून ठेवा.

दुसरी पायरी: व्हिसा, पैसे, रस्ता

भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढूनच जावं लागतं. मोरोक्को सरकारची ई-व्हिसाची साइट आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून एजंटाच्या तोंडी माहितीवर न राहता तिथेच पाहा आणि हाताशी दीड-दोन महिने ठेवा.

मुंबईहून दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे कासाब्लांका, हा सोयीचा रस्ता. विमानतळावरूनच रेल्वे सुटते. शहरात गाडी बदलून माराकेशला जायचं, त्या प्रवासाला तीन तासांच्या आत-बाहेर लागतात. माराकेशहून एसाविरा बसने साधारण तीन तास. 'सुप्राटूर्स' आणि 'सीटीएम' या दोन कंपन्यांच्या गाड्या चांगल्या आहेत. सुप्राटूर्सचा थांबा माराकेश स्टेशनाला लागूनच आहे आणि ती गाडी एसाविरात तटबंदीजवळ उतरवते. महोत्सवाच्या आठवड्यात या गाड्या भरलेल्या असतात. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं आधी काढा. परतीचं 'बघू मग' म्हणणारे रविवारी सकाळी बसथांब्यावर रांगेत दिसतात. त्या वर्षी बकरी ईद महोत्सवाच्या जवळ आली असेल तर आणखी सावध राहा, कारण अख्खा देश गावी जायला निघतो आणि दुकानंही काही दिवस बंद राहतात.

माराकेशमध्ये एक रात्र काढा. तिथे जूनमध्ये नागपूरसारखं तापतं, आणि तीन तासांनी एसाविरात उतरलात की अंगावर शाल घ्यावीशी वाटते. शरीराला एवढा फरक एका दमात झेपत नाही.

दिरहम हे चलन भारतात सहज मिळत नाही. तिथल्या एटीएममधून काढा, आणि एसाविरात पोचण्याआधी काढा. महोत्सवात गावातल्या यंत्रांपुढे रांगा लागतात आणि रोकड संपतेही. एक दिरहम म्हणजे नऊ-दहा रुपये धरा. वीस-वीसच्या नोटा आणि नाणी जपून ठेवा, गल्लीत सुटे नाहीत ही तक्रार आपल्याइतकीच तिथेही आहे.

जुन्या गावात मोटारी जात नाहीत. वेशीपाशी हातगाडीवाले उभे असतात, त्या गाडीला 'कारोसा' म्हणतात. सामान गाडीवर टाकायच्या आधी पैसे ठरवा. घराचा पत्ता गाडीवाल्याला तुमच्या फोनपेक्षा लवकर सापडतो.

तिसरी पायरी: महिनाभर आधी कान तयार करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हिला पैसे पडत नाहीत.

ग्नावा संगीतात मुख्य वाद्य एकच, गेंब्री. एका ओंडक्यातून कोरलेलं लांबट खोड, त्यावर उंटाचं कातडं ताणलेलं, बकरीच्या आतड्याच्या तीन तारा. वादक तारा छेडतो तेव्हाच त्याची बोटं कातड्यावरही पडतात, त्यामुळे सूर आणि ठेका एकाच हातातून निघतात. तुणतुणं आणि ढोलकी एकाच माणसाने एकाच वाद्यावर वाजवावी, तसं. आवाज मात्र तुणतुण्याच्या उलट, अगदी खर्जातला. दांड्याच्या टोकाला कड्या लावलेला पत्रा खोचतात, तो प्रत्येक आघातावर झणझणतो.

दुसरं वाद्य क्राकेब. चिपळ्यांच्या कुळातले, पण लोखंडी आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे. हातात दोन-दोन धरून सात-आठ जण एकदम वाजवतात. तिसरा त्बेल, खांद्याला अडकवायचा मोठा ढोल, एक काठी वाकडी आणि एक सरळ. तो मिरवणुकीत असतो.

नवख्या माणसाला पहिल्या दिवशी फक्त क्राकेबचा खणखणाट ऐकू येतो. मलाही तेवढाच आला होता. 'एकसुरी आहे' म्हणून लोक इथेच उठून जातात. गाणं खाली चाललेलं असतं, गेंब्रीत. म्हणून घरी ऐकताना फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तेवढ्या बारक्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही आणि हाती उरतात ते नुसते टाळ. चांगले हेडफोन लावा आणि क्राकेबकडे दुर्लक्ष करून गेंब्रीचा धागा धरून ठेवा. सुरुवात महमूद गिनिया यांच्यापासून करा. ते याच गावचे (१९५१–२०१५). अमेरिकन सॅक्सोफोनवादक फरोआ सँडर्स यांनी १९९४ साली त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. महमूद यांचे भाऊ मोख्तार आणि मुलगा हुसाम यांनी घराणं पुढे चालवलं आहे. मग उत्तर मोरोक्कोतल्या क्सर अल-कबीरचे हमीद अल कसरी. त्यांचा आवाज भरदार आणि मोकळा, त्यामुळे लवकर आवडतो. आणि आस्मा हमजावी यांना विसरू नका. गेंब्री पुरुषांचं वाद्य मानलं जात असताना वडिलांकडून शिकून त्यांनी मुलींचा ताफा उभा केला. एसाविराच्या हिंद एन्नाइरा याही त्याच वाटेवरच्या.

ठेक्याबद्दल एक सूचना. टाळीने मात्रा मोजायला जाल तर गोंधळाल. क्राकेबची चाल धड तीनाची नसते, धड चाराची नसते, दोहोंच्या मध्ये झुलते आणि हळूहळू चढत जाते. मोजणं सोडून मान डोलू दिली की ती आपोआप बसते.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या उस्तादाला 'मालेम' म्हणतात. शब्द मूळचा 'शिकवणारा' या अर्थाचा अरबी, कच्छच्या जहाजांवरचा वाट दाखवणारा 'मालम' तो हाच. मालेम ओळ टाकतो आणि मागचे झील धरतात. झील म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आता 'लीला'. अरबीत लीला म्हणजे रात्र, आपल्या लीलेशी त्याचा संबंध नाही. ग्नावांचा खरा विधी रात्रभर चालतो. कुणी आजारी असेल, नवस असेल, घरावर काही आलं असेल, तर लीला मांडतात. आधी ढोल वाजवत रस्त्यावरून घरी यायचं. मग पूर्वजांची नावं घेत खेळ-नाच. त्यानंतर धूप पेटतो आणि एकेका शक्तीला तिच्या रंगाने, तिच्या धुपाने, तिच्या चालीने बोलावतात. पांढरा अब्दुल कादिर जिलानींचा, ज्यांना आपल्याकडे पिरान-ए-पीर दस्तगीर म्हणून ओळखतात. निळा समुद्राच्या सिदी मूसाचा, लाल सिदी हम्मूचा, काळा सिदी मिमूनचा, पिवळा लल्ला मीराचा. ज्याच्या अंगात येतं त्याच्यावर त्या रंगाचं वस्त्र टाकतात. या सगळ्याची व्यवस्था एका बाईच्या हातात असते, तिला 'मुकद्दमा' म्हणतात. आपला मुकादम याच शब्दातून आला.

मराठीत अंगात येण्याला 'वारं येणं' असंही म्हणतात. एसाविराला सगळे वाऱ्याचं गाव म्हणतात. हा नुसता योगायोग आहे, पण पहिल्यांदा मनात आला तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

महोत्सवात मूळ लीला दिसत नाही. तिच्यातले तुकडे मंचावर येतात. हे आधीच समजून गेलात तर रंग बदलला की काय बदललं, हे तुम्हाला कळेल.

चौथी पायरी: पिशवीत काय

जूनमध्ये तापमान क्वचितच बावीस-तेवीसच्या वर जातं आणि वारा दिवसभर थांबत नाही. वारा अडवणारं जॅकेट, डोक्याला घट्ट बांधायचा रुमाल किंवा ओढणी, आणि चष्मा असेल तर त्याची दोरी. छत्री नको, उलटीच होईल. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं, म्हणून मलम लावाच. मोठ्या मंचासाठी कानात घालायचे बोळे. सपाट, बंद चपला किंवा बूट, कारण बंदराकडच्या फरशीवर माशांचं पाणी असतं. समुद्रात पोहायचे बेत फार करू नका, पाणी जूनमध्येही गार असतं.

पाचवी पायरी: दिवसांची मांडणी

महोत्सवाच्या दोन दिवस आधी, मंगळवारी पोचा. बुधवारी गाव पायाखाली घाला. बंदरातल्या निळ्या होड्या, स्काला तटावरच्या तोफा, थुया लाकडावर नक्षी करणाऱ्या सुतारांची गल्ली, मेल्लाह म्हणजे जुनी ज्यू वस्ती. त्या वस्तीतलं 'बैत दाकिरा' हे स्मृतिघर नक्की पाहा. एके काळी या गावात ज्यू आणि मुसलमान शेजार करून राहत होते, आणि तिथे गेल्यावर ते नुसतं वाक्य राहत नाही. बुधवारी संध्याकाळी चौकात मंचाची तपासणी चालते. मालेम आणि पाहुणे कलाकार साध्या कपड्यांत वाजवत असतात, गर्दी नसते. मला त्या तासाभरात जितकं ऐकायला मिळालं तितकं शनिवारी मिळालं नाही.

याच दिवशी तिकिटांचं काम उरका. चौकातले आणि समुद्रकिनाऱ्यावरचे मोठे कार्यक्रम मोफत असतात. बोर्ज बाब माराकेशचा गोल बुरूज, दार सुइरीचं अंगण, बैत दाकिरा अशा छोट्या जागांतल्या बैठकींना तिकीट असतं, आणि खरी मेजवानी तिथेच आहे. पैसे मोजून दोन बैठकी घ्या, एक बुरुजावरची आणि एक अंगणातली. बुरुजावर वारा इतका असतो की जॅकेटवर शालही घ्यावी. अंगणात मात्र गेंब्री भिंतींना धरून राहते आणि पोटात ऐकू येते. एकच परवडत असेल तर अंगणातली घ्या.

गुरुवारी मिरवणूक निघते. मालेमांचे ताफे आपापल्या गावच्या वेशात, कवड्यांनी मढवलेल्या टोप्यांचे गोंडे फिरवत, ढोल वाजवत जुन्या गावातून जातात. कवड्यांच्या माळा पाहून आराधी-गोंधळी आठवतातच. मार्ग त्या वर्षीच्या पत्रिकेत पाहा आणि चौकात थांबू नका, तिथे फक्त फोन वर केलेले हात दिसतात. एखाद्या अरुंद रस्त्याच्या वळणावर तासभर आधी उभं राहा. ढोलाचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून येतो आणि ताफा तुमच्या कोपराला घासून जातो. त्या रात्री उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम तासभर पाहून झोपायला जा. मन मागे ओढेल, तरी जा.

शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं मिटतात आणि घरोघर कूसकूस, म्हणजे वाफवलेल्या रव्याचा पदार्थ, शिजतो. सकाळी माणुसकी, स्थलांतर, हक्क अशा विषयांवरची परिषद असते. २०१२पासून ती महोत्सवाचाच भाग आहे. भाषांतराची सोय असेल तर अर्धा दिवस तिथे द्या. दुपारी झोपा. झोपलात तरच रात्रीची बैठक लागेल. अंगणातल्या बैठकी बऱ्याचदा उशिरा सुरू होतात आणि मध्यरात्र उलटून जातात. पुढे बसा, खाली बसा, गेंब्रीच्या बाजूला बसा.

शनिवार मोठ्या मंचाचा. एखादा मालेम आणि परदेशी कलाकार काही दिवस एकत्र सराव करून मंचावर येतात, हे या महोत्सवाचं वैशिष्ट्य आहे. माझं मत स्पष्ट सांगते: यातले काही मेळ अपूर्व जमतात आणि काहींत पाहुण्यांच्या ड्रमखाली गेंब्री बुडून जाते. पाहुणा जितका कमी वाजवतो तितकं चांगलं जमतं. अर्ध्या तासात गेंब्री ऐकू आली नाही तर सरळ दुसऱ्या मंचाकडे चालू लागा. गर्दीत मंचाच्या पुढे रेटारेटी होते आणि पाकीटमारही तिथेच असतात. ध्वनियंत्रणेचं टेबल असतं त्याच्या मागे उभं राहा. आवाज तिथे सगळ्यात समतोल असतो आणि श्वास घ्यायला जागा असते. एकट्या बाईसाठी तर तीच जागा योग्य. परतताना आडगल्ली टाळून उजेडाच्या रस्त्याने, माणसांच्या लोंढ्याबरोबर या.

रविवार राखून ठेवा. गाव ओसरलेलं असतं, वाद्यं बनवणारे पुन्हा दुकान उघडून बसलेले असतात आणि बोलायला त्यांना वेळ असतो.

बिलालच्या घरी

एसाविरात सिदना बिलालची 'झाविया' आहे, ग्नावांचं मूळपीठ म्हणा. बिलाल हे प्रेषित मोहम्मदांचे सोबती, गुलामगिरीतून मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे गृहस्थ, पहिली बांग देणारे. ग्नावा त्यांना आपले आध्यात्मिक पूर्वज मानतात.

हे ऐकलं आणि मला मुरूडचा किनारा आठवला. जंजिऱ्याचे सिद्दी आपण इतिहासाच्या पुस्तकात फक्त लढाईपुरते वाचतो. पण गुजरातेत रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्यावर सिद्दी ढोल वाजवून धमाल-गोमा नाचतात, आणि तेही आपलं मूळ बिलालपाशीच नेतात. ग्नावा पश्चिम आफ्रिकेतून वाळवंट ओलांडून गेले, सिद्दी पूर्व आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले. एकाच खंडातून दोन दिशांना नेलेली माणसं दोन वेगळ्या समुद्रांच्या काठी एकाच पुरुषाचं नाव घेऊन ढोल वाजवतात. तुमच्याशी गप्पा मारणाऱ्या ग्नावा वादकाला हे सांगा. मी सांगितलं तेव्हा त्याने क्राकेब खाली ठेवले आणि फोनवर सिद्दींचा नाच दाखवायला लावला, दोनदा.

मोरोक्कोत मशिदींमध्ये आणि बऱ्याच दर्ग्यांमध्ये बिगरमुस्लिमांना प्रवेश नसतो. कार्यक्रमासाठी दार उघडं असेल तेव्हाच आत जा. चपला बाहेर, खांदे-गुडघे झाकलेले.

रीतभात

कुणाच्या अंगात आलं असेल तर फोन खाली ठेवा. मंचासमोरच्या गर्दीतही असं होतं. कुणी बाई केस सोडून घुमू लागते आणि भोवतीचे लोक तिला पडू न देता जागा करून देतात. आपणही तेवढंच करावं, एक पाऊल मागे सरकावं. आपल्या आजी-मावशीचं असं चित्रण कुणी परक्याने केलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं, याचा विचार केला की प्रश्न सुटतो.

रस्त्यावर वाजवणाऱ्याचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा आणि दहा-वीस दिरहम ठेवा. तो त्याच्या पोटाचा धंदा आहे. 'सलाम आलेकुम' आणि 'शुक्रन' एवढ्यावर निम्मी कामं होतात. 'भ्शाल?' म्हणजे किती, 'साफी' म्हणजे पुरे. साबणाला साबून, साखरेला सुक्कर, हिशेबाला ह्साब म्हणतात हे ऐकून बरं वाटतं. आपण भारतीय आहोत हे कळलं की शाहरुख खान आणि अमिताभ बच्चन यांची नावं निघतात, तिथून बोलणं पुढे न्या.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. बंदराजवळ ताज्या तारल्या निखाऱ्यावर भाजून देतात. मासळी वजनावर असते. भाव, वजन आणि भाजणावळ तिन्ही आधी ठरवा, मगच बसा.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याला नावं माहीत हवीत. 'बिसारा' हे वाटलेल्या बाकल्याचं दाट सार, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पिठल्याची भूक भागते. 'झालूक' म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरीत. 'लूबिया' पांढऱ्या घेवड्याची उसळ, 'आदस' मसुराची. या चारही पदार्थांबरोबर भाजलेला गोल पाव. शुक्रवारी सात भाज्यांचा कूसकूस मिळतो, पण तो बऱ्याचदा मटणाच्या रश्श्यावर वाफवलेला असतो, हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. 'ब्ला ल्हम', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. सकाळी पदर सुटलेल्या चौकोनी 'म्समेन' पोळीवर 'अमलू' लावून खा. बदाम, मध आणि या भागातल्याच आर्गन झाडाच्या तेलाची ती चटणी. घरी आणायला याहून चांगली वस्तू नाही, मात्र झाकण घट्ट बघून घ्या.

महोत्सवाच्या रात्री साडेनऊनंतर कुठेही जागा मिळत नाही. सातला जेवून घ्या आणि पिशवीत खजूर-बदाम ठेवा.

वाद्य घ्यायचं असेल तर

दुकानांच्या दारावर टांगलेल्या रंगीत गेंब्री शोभेच्या असतात. वाजणारी हवी तर कारागिराकडे जा, त्याला वाजवून दाखवायला सांगा आणि तारा आतड्याच्या आहेत की नायलॉनच्या ते विचारा. कातडं लावलेलं वाद्य विमानातून आणायचं तर सीमाशुल्काचे आणि प्राणिजन्य वस्तूंचे नियम निघण्यापूर्वीच बघून ठेवा. नाहीतर विमानतळावर जीव वरखाली होतो.

सोपी खरेदी म्हणजे क्राकेबची एक जोडी. हातात धरून वाजवून बघा. हलक्या पत्र्याचे डबा वाजल्यासारखे वाजतात, चांगले असतात ते जड आणि कानात थोडं गुंजत राहणारे. हाताच्या पिशवीत ठेवलेत तर तपासणीच्या टेबलावर पोत्यातून लोखंड ओतल्यासारखा आवाज होतो आणि उलगडा करत बसावं लागतं. मोठ्या बॅगेत टाका. प्रत्येक पात्याभोवती वेगळं कापड गुंडाळा, मी ओढणी फाडून चार तुकडे केले होते, आणि मधल्या चामड्याच्या वाद्या सैल करून ठेवा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी हवेत त्या आखडणार नाहीत.